आयव्हसची मापं: संगणकाने मारलेली रेघ कशी तपासायची

अँजिओग्राफीत रक्तवाहिनीच्या पोकळीची फक्त सावली दिसते. भिंतीत किती थर (प्लाक) साचलाय ते आयव्हस, म्हणजे रक्तवाहिनीच्या आत बारीक नळी घालून केलेली सोनोग्राफी, दाखवतं आणि सॉफ्टवेअर त्याचे चौरस मिलिमीटर काढून देतं. अडचण एकच: खराब चित्रावरही सॉफ्टवेअर तेवढ्याच ठामपणे आकडा देतं. म्हणून तयारी कॅथलॅबपासूनच (अँजिओग्राफी करतात ती खोली) करायची.

फिरत्या ट्रान्सड्यूसरचं (ध्वनिलहरी सोडून टिपणाऱ्या टोकाचं) कॅथेटर, म्हणजे ती नळी, हेपरिन-सलाइनने (रक्त गोठू न देणारं औषध घातलेलं सलाइन) नीट फ्लश करा. आत एक बुडबुडा राहिला तरी चित्र काळवंडतं. रक्तदाब परवानगी देत असेल तर कोरोनरीत (हृदयाच्या रक्तवाहिनीत) 100 ते 200 मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरिन द्यायचं, नाहीतर आखडलेली नस अरुंद म्हणून मोजली जाते. कॅथेटर अडथळ्याच्या किमान 10 मिमी पलीकडे न्या आणि मोटरने सेकंदाला 0.5 मिमी वेगाने मागे ओढा, हाच पुलबॅक. हाताने ओढलेल्या पुलबॅकवर क्षेत्रफळ निघतं. लांबी आणि घनफळ मात्र काढू नका.

लातूर किंवा नांदेडहून पुलबॅक मोजायला संभाजीनगरला पाठवायचा असेल तर मूळ डायकॉम फाइलच (वैद्यकीय चित्रांचा ठरलेला फाइल-प्रकार) द्या. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बघायला ठीक, मोजायला बाद. त्यात स्केल जातं आणि वर्तुळाचं अंडं होतं.

फाइल उघडली की आधी स्केल तपासा. चित्रावरच्या 1 मिमीच्या खुणांपैकी 5 मिमी अंतरावरच्या दोन खुणा सॉफ्टवेअरमध्ये मोजा, 5.0 च यायला हवेत. डायकॉममधलं अल्ट्रासाउंडचं कॅलिब्रेशन सहसा सेंटिमीटरमध्ये असतं, म्हणून 0.002 म्हणजे पिक्सेलला 0.02 मिमी. ते मिमी समजलं गेलं तर आकडे इतके वेडेवाकडे येतात की लगेच कळतं. घात करते ती छोटी चूक: लांबीत 5 टक्के फरक म्हणजे क्षेत्रफळात 10 टक्के.

आता कडा. आतली रेघ पोकळी आणि इंटिमाच्या (भिंतीचा सगळ्यात आतला थर) सीमेवर, बाहेरची मीडियाच्या (भिंतीचा मधला थर) काळ्या पट्टीच्या बाहेरच्या काठावर. 40 मेगाहर्ट्झ आणि त्यावरच्या कॅथेटरने रक्तही उजळ दिसतं आणि मऊ प्लाकमध्ये मिसळतं. ऑटोमॅटिक रेघ इथेच सगळ्यात जास्त फसते. फ्रेम थांबवून डोळे ताणू नका, चार-पाच फ्रेम मागेपुढे चालवा. रक्ताचे ठिपके सळसळतात, प्लाक जागचा हलत नाही.

कॅल्शियम पांढरं लखलखतं आणि त्यामागे काळी सावली पडते. सावलीत मीडिया दिसत नाही, तरी सॉफ्टवेअर तिथून बिनदिक्कत रेघ ओढतं. सावलीचा कोन 90 अंशांपेक्षा जास्त असेल तर त्या फ्रेमचं बाहेरचं माप सोडून द्या, कॅल्शियमचा कोन तेवढा नोंदवा. फाटा फुटतो तिथे रेघ फाट्यात फुगू देऊ नका. चित्राचा एखादा भाग ताणल्यासारखा, पुसटलेला दिसला तर कॅथेटर वळणात अडखळत फिरलंय. ती फ्रेम वगळा.

मग लांबट छेद (सगळ्या फ्रेम नसेच्या लांबीवर जोडून झालेलं चित्र) बघा. कडा करवतीच्या दातांसारखी दिसते ती बहुतेक हृदयाच्या ठोक्यामुळे. ईसीजीची एकच वेळ धरून फ्रेम निवडा. ईसीजी नसेल तर दर 1 मिमीला एक फ्रेम घ्या: सेकंदाला 30 फ्रेम असतील तर 0.5 मिमी वेगात दर साठावी. एकटाच दात उंच दिसला तर मात्र ती रेघ चुकलेली आहे.

हिशोब सोपा. बाहेरचं क्षेत्रफळ 15.2 चौ. मिमी, पोकळी 6.1, तर प्लाक 9.1 आणि प्लाकचा भार 60 टक्के. सगळ्या फ्रेमच्या प्लाकची बेरीज भागिले बाहेरच्या क्षेत्रफळांची बेरीज, गुणिले 100, ही अथेरोमाच्या (म्हणजे प्लाकच्याच) घनफळाची टक्केवारी. औषधाने फरक पडला का हे ठरवायला हाच आकडा वापरा, पण दोन्ही वेळी फाट्यांच्या खुणेने तोच तुकडा धरून.

स्टेंट टाकताना टोकं प्लाकचा भार 50 टक्क्यांखाली असलेल्या जागी ठेवा. टाकल्यावर आतलं सगळ्यात कमी क्षेत्रफळ 5.5 चौ. मिमीच्या वर किंवा दोन्ही बाजूंच्या निरोगी पोकळीच्या सरासरीच्या 80 टक्क्यांच्या वर हवं. हा नियम लेफ्ट मेनला (डाव्या कोरोनरीचं मुख्य खोड) लावू नका. तिथे स्टेंट हवा की नको यासाठी पोकळीच्या 6 चौ. मिमीची रेषा वापरतात. कोरियातल्या रुग्णांवरच्या अभ्यासात ती 4.5 आली. या दोन आकड्यांच्या मधलं माप आलं तर एकट्या आयव्हसवर निर्णय घेऊ नका, एफएफआर (अडथळ्याच्या पुढे रक्ताचा दाब किती पडतो ते मोजणारी चाचणी) करून घ्या.