महिन्याचं बजेट वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चामुळे फसतं

किराणा, भाडं, वीज यांचा हिशोब चोख असूनही बजेट कोलमडतं, ते बहुतेक वेळा विम्याचा हप्ता, गाडीची सर्व्हिसिंग, मुलांची फी अशा खर्चांनी. मागच्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून हे खर्च वेगळे लिहिले आणि माझं गणित सुटलं. प्रत्येक रकमेला १२ ने भागायचं नाही, देय तारखेपर्यंत उरलेल्या महिन्यांनी भागायचं. इथेच घोळ होतो. १२,००० चा हप्ता ५ महिन्यांवर असेल तर तोवर महिना २,४०० बाजूला काढावे लागतात. तो भरल्यावर १,००० पुरतात. ही रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप वेगळ्या खात्यात वळती व्हायला हवी. पगाराच्या खात्यात राहिली, तर ती शिल्लक वाटते आणि उडते. आजारपणासाठीचा राखीव पैसा मात्र यात अजिबात मिसळू नका.