गेम बनवायचाय? मग व्हर्जनच्या या चुका टाळा

रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) बघून आलं की इंदूरच्या पोरांपैकी कोणाला तरी हमखास सुचतं, राजवाड्यासमोर टँकरमधून रंग उडवायचा एक छोटा टूडी गेम करू. आयडिया झकास. पण अडतं ते पहिल्याच संध्याकाळी, इन्स्टॉल करताना, आणि बहुतेक वेळा कोडमध्ये काहीच चूक नसते, टूल आणि भाषा यांची व्हर्जनं एकमेकांशी जुळत नसतात एवढंच.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे साइटवर जाऊन पायथनचं सगळ्यात नवं व्हर्जन उचलणं. पायगेम (पायथनमध्ये टूडी गेम करायची लायब्ररी) टाकताना पिप (पायथनची पॅकेजं इन्स्टॉल करणारं टूल) तुमच्या पायथनसाठी आधीच तयार असलेली व्हील फाइल शोधतो, ती नसली की तुमच्याच मशीनवर सोर्सपासून बिल्ड करायला बसतो, मग लाल अक्षरांचं पान येतं आणि व्हिज्युअल सी++ बिल्ड टूल्स मागतं. ते काही जीबींचं डाउनलोड लगेच सुरू करू नका भिया! आधी पायपीआय (पायथन पॅकेजांची साइट) वरच्या पायगेमच्या पानावर कुठल्या पायथनच्या व्हील आहेत ते बघा आणि ते पायथन शेजारी टाका, विंडोजवर दोन-तीन पायथन आरामात नांदतात. जुन्या ट्युटोरियलमधलं जुनं पायगेम तर नव्या पायथनवर हटकून रडतं, कारण पॅकेज बिल्ड करायला लागणारं डिस्टयुटिल्सच ३.१२ पासून काढून टाकलंय.

पिप म्हणतो इन्स्टॉल झालंय, प्रोग्राम म्हणतो मॉड्यूलच नाही? तर व्हीएस कोड या एडिटरमध्ये खाली उजवीकडे कुठला इंटरप्रिटर (म्हणजे कुठलं पायथन) निवडलाय ते बघा, पिपने एका पायथनमध्ये टाकलेलं असतं आणि एडिटर दुसराच चालवत असतो. आणि स्वतःच्या फाइलला पायगेम डॉट पीवाय नाव देऊ नका, ती स्वतःलाच इम्पोर्ट करते. पायगेम-सीई (पायगेमचीच कम्युनिटीने चालवलेली आवृत्ती) हवं असेल तर आधी जुनं पायगेम अनइन्स्टॉल करा, दोघंही एकाच नावाने बसतात.

गोडो हे गेम इंजिन वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. व्हिडिओ गोडो ३ चा आणि हातात गोडो ४ (२०२३ ला आलं). कायनेमॅटिकबॉडी२डी (हलणाऱ्या पात्राचा नोड) सापडतच नाही कारण ते आता कॅरेक्टरबॉडी२डी झालंय, यील्डच्या जागी अवेट आलं, मूव्ह अँड स्लाइडला (पात्र हलवणारं फंक्शन) कंसात काही द्यायचं नसतं, वेग आधी व्हेलॉसिटीमध्ये भरायचा. माझं मत विचाराल तर नवशिक्याने जुना व्हिडिओ सरळ सोडावा, ओळन् ओळ बदलत बसण्यात मजा नाही. सी शार्पमध्ये लिहायचं तर डॉटनेटवालं गोडो वेगळं उतरवावं लागतं आणि सी शार्पच्या गेमला वेब एक्सपोर्टची (ब्राउझरमध्ये चालवायची) जी सोय ३ मध्ये होती ती ४ आल्यावर गेली, त्यामुळे मित्रांना नुसती लिंक पाठवून खेळायला लावायचं असेल तर गोडोची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्टच घ्या.

इंदूरच्या जेलरोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सेकंडहँड लॅपटॉप घेतलाय आणि गोडो ४ उघडताच बंद पडतं? ग्राफिक्सला व्हल्कन (गोडो ४ चित्र काढायला वापरतं ती प्रणाली) झेपत नसेल, प्रोजेक्ट बनवताना कम्पॅटिबिलिटी रेंडरर निवडा.

सी++ आणि एसडीएल२ (गेमसाठीची लायब्ररी) घेणाऱ्यांनी एसडीएल२ चं मिनजीडब्ल्यूचं पॅकेज मिनजीडब्ल्यू कंपायलरलाच आणि व्हीसीचं (व्हिज्युअल सी++) व्हिज्युअल स्टुडिओलाच द्यावं. गेम सुरू होतानाच शेवटी ७बी असलेला एरर आला तर बहुधा ६४ बिटच्या एक्सईजवळ ३२ बिटची डीएलएल (लायब्ररीची फाइल) पडलीय, ती बदला.

हे सगळं जमून घरी गेम मस्त चालला, पण मित्राच्या लिनक्सवर चित्रंच दिसेनात, तर फाइलच्या नावातली मोठी-लहान इंग्रजी अक्षरं तपासा, विंडोज तो फरक चालवून घेतं, लिनक्स नाही.