विरळ वस्तीच्या इंग्रज पॅरिशमध्ये पूर्वज शोधताय? या चुका टाळा

हल्ली आपल्या बऱ्याच घरांत इंग्रज सून किंवा जावई असतो आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ करायची हौस येते. हौस चांगलीच. पण ती इंग्रज बाजू स्कॉटलंडच्या सीमेलगतच्या नॉर्थंबरलंडच्या डोंगराळ भागातली, फॉलस्टोन, ग्रेस्टेड, थॉर्नीबर्न अशा पॅरिशमधली (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) निघाली की हमखास ऐकू येतं, "तिथे माणसं ती किती असणार? एका संध्याकाळचं काम." इथेच घोळ सुरू होतो. माणसं कमी म्हणजे आडनावंही कमी. तिथल्या नॉर्थ टाइन नदीच्या खोऱ्यात शतकानुशतकं चार्ल्टन, रॉबसन, डॉड आणि मिलबर्न या चार घराण्यांचाच पसारा. त्यात नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत. त्यामुळे एकाच पिढीत एकाच नावाचे कितीतरी रॉबसन निघतात, आणि त्यातले दोघे तरी मेंढपाळ असतात.

पहिला सापडला तोच आपला

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे आणि दर वेळी जीव तुटतो. ओळखीतल्या एका कुटुंबाने सुनेच्या घराण्याचा वृक्ष मोठ्या प्रेमाने करून, छापून भिंतीवर लावला होता. १८५१च्या खानेसुमारीत त्यांचा पूर्वज मेंढपाळ, वय ४७, जन्म फॉलस्टोन. त्याच नावाच्या एका मुलाचा बाप्तिस्मा १८०४च्या सुमाराला सापडला, बाप चांगला सधन कुळवाडी. वय जुळलं, नाव जुळलं, झालं! इंटरनेटवरच्या कितीतरी वृक्षांत हाच बाप लावलेला, म्हणून खात्रीही पटली.

मी फक्त दफनाच्या नोंदी उघडल्या. तो मुलगा पाच वर्षांचा असतानाच वारला होता.

हे इतकं ठामपणे सांगता आलं, कारण डरहॅमचे बिशप शूट बॅरिंग्टन यांच्या काळात, १७९८ ते १८१२ या वर्षांत, त्या धर्मप्रांतातल्या नोंदी फार तपशिलात होत असत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मतारीख, कितवं अपत्य, बापाचा धंदा आणि मूळ गाव, आईचं माहेरचं आडनाव आणि तिचं मूळ गाव मिळतं. दफनाच्या नोंदीतही मुलाचे आईबाप दिलेले असतात. या मुलाच्या दोन्ही नोंदींत आईचं माहेर एकच, म्हणजे शंकेला जागाच नाही. खरा पूर्वज जवळच्या बेलिंगहॅमच्या चर्चच्या नोंदवहीत निघाला. राहण्याचं ठिकाण म्हणून फॉलस्टोनकडची एक वाडी, बाप मेंढपाळ, आई सीमेपलीकडच्या, स्कॉटलंडमधल्या रॉक्सबरशायरची. पुढे त्याने थोरल्या मुलीला त्याच आजीचं नाव दिलेलं होतं.

माझी सवय सांगते. एकाच नावाचे जितके सापडतील तितक्यांचा कागद करायचा आणि प्रत्येकाचं लग्न आणि दफन शोधायचं. बाकीचे सगळे बाद झाल्याशिवाय उरलेल्याला आपला म्हणायचं नाही. वेळ लागतो, लागू दे. १८१३पासून छापील वह्या आल्या आणि आईचं माहेर गेलं, म्हणून ही पंधरा वर्षं सोन्यासारखी आहेत. नुसत्या इंडेक्सवर भागवणारे नेमकं हेच घालवतात, कारण इंडेक्समध्ये यातलं बरंचसं उतरवलेलंच नसतं. मूळ पानाचा फोटो उघडा.

कुलवृत्तांताची सवय असलेल्यांना एक विनंती. आडनाव एक म्हणजे कूळ एक, हे इथे गृहीत धरू नका.

आजच्या नकाशावर शोधणं

थॉर्नीबर्नची १७९०ची वही मागणारे भेटतात. ती मिळणार कशी? तेव्हा हा सगळा मुलूख सायमनबर्न या अवाढव्य पॅरिशमध्ये होता. १८११च्या कायद्याने त्याचे तुकडे झाले. ग्रेस्टेड आणि थॉर्नीबर्नची चर्च त्यानंतरची. त्याआधीसाठी सायमनबर्न आणि बेलिंगहॅम दोन्ही चाळा. शिवाय सीमेलगत प्रेस्बिटेरियन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळ्या प्रोटेस्टंट पंथाचे लोक पुष्कळ. त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा पॅरिश चर्चमध्ये दिसला नाही तर त्यांच्या मंडळीच्या वह्या पाहा. लग्न सापडत नसेल तर सीमेपलीकडची, स्कॉटलंडमधली कोल्डस्ट्रीम आणि लॅम्बर्टन टोल ही ठिकाणं आठवा. १७५४नंतर इंग्लंडमधले नियम कडक झाले आणि जोडपी सीमा ओलांडून लग्न लावून येऊ लागली.

नॉर्थंबरलंड १८८२पर्यंत डरहॅमच्या बिशपांकडे होतं. त्यामुळे बिशपकडे पाठवलेल्या या वह्यांच्या नकला डरहॅम विद्यापीठात आहेत, न्यूकॅसलमध्ये नाहीत. मूळ वहीचं पान फाटलेलं असेल तर तिकडे बघा.

माणूस एका जागी राहिला असं धरणं

शेतावरचे गडी वर्षाच्या कराराने राहत आणि मे महिन्यात बिऱ्हाड हलवत. पाच मुलांचे बाप्तिस्मे चार पॅरिशमध्ये असू शकतात. मधलं मूल "नाही" म्हणण्याआधी आजूबाजूची पॅरिश पाहा.

बाकीच्या, थोडक्यात

१८४१च्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरच्यांचं वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलंय. त्यावरून जन्मसाल पक्कं करू नका.

१७५२पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई. फेब्रुवारी १७३० लिहिलंय ते आपल्या हिशेबाने १७३१.

बेलिंगहॅमचा उच्चार तिथे 'बेलिंजम' होतो आणि गणना करणारा कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. वेगवेगळी स्पेलिंगं टाकून शोधा.

मूल वारलं की पुढच्या मुलाला तेच नाव देत. दोन बाप्तिस्मे दिसले तर मधे दफन शोधा.

आणि थडग्यांचे फोटो काढायला थेट चर्चमध्ये धावू नका. दगड बसवणं ज्यांना परवडलं त्यांचेच दगड आहेत. मेंढपाळ आणि गडी बहुतेक वहीतच भेटतात. आधी ॲशिंग्टनजवळच्या वुडहॉर्नमधल्या नॉर्थंबरलंड अभिलेखागाराला कळवून जा. जाताना त्या नावाच्या सगळ्यांची यादी सोबत ठेवा, फक्त आपल्याला हव्या असलेल्या एकाची नको.