रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर थांबा, आणि थांबल्यावर काय करायचं ते हे

चांगला माणूस कोणाला म्हणायचं यावर मला कोणी विचारलं तर मला एकच जागा आठवते, साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा संपला की ते एस वळण लागतं ना, त्याच्या जरा पुढं. काही वर्षांपूर्वी रात्री साडेदहाच्या सुमारास तिथं एक बाईक आडवी पडलेली होती आणि बाजूला एक माणूस. मी गाडी स्लो केली, बघितलं, आणि निघून आलो. शेजारी बायको, मागच्या सीटवर मुलगी झोपलेली, मनात म्हटलं कोणीतरी थांबेलच आणि उगाच पोलिसांचं झंझट कशाला. शिरवळपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. त्या माणसाचं काय झालं मला आजही माहीत नाही, आणि एक फोन तरी करायचा होता, तोसुद्धा मी केला नाही.

त्यानंतर मी या विषयात जरा खोल गेलो, फर्स्ट एडचा एक दिवसाचा क्लास केला, कायदा वाचला, आणि लक्षात आलं की आपल्याला थांबू न देणारी भीती जवळजवळ सगळी जुनी आहे. म्हणून आधी भीतीचं बोलू आणि मग प्रत्यक्ष काय करायचं ते.

पोलीस आपल्यालाच अडकवतील ही भीती. सुप्रीम कोर्टानं ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्यांसाठीच्या सरकारी गाइडलाइन्स बंधनकारक केल्या, मग २०१९ ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४ अ हे कलम आलं आणि २०२० च्या सप्टेंबरात त्याचे नियम. त्याचा अर्थ साध्या भाषेत असा की तुम्ही चांगल्या मनानं मदत केली आणि तरी त्या माणसाला काही झालं तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी केस होत नाही. पोलीस तुमच्यावर नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची जबरदस्ती करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर, आणि झालात तर जबाब घ्यायला त्यांनी तुमच्या सोयीच्या जागी, घरी किंवा ऑफिसात, साध्या कपड्यात यायचं. हे फक्त मदतीला थांबलेल्यांसाठी आहे बरं का, ज्याच्या गाडीनं धडक दिली त्याच्यासाठी नाही, त्याला तर थांबून मदत करणं कायद्यानंच भाग आहे.

आता प्रत्यक्ष.

गाडी अपघाताच्या पुढं नेऊन रस्त्याच्या कडेला लावा, चारी इंडिकेटर चालू करा, मुलं असतील तर त्यांना ट्रॅफिकच्या कडेला गाडीत एकटं सोडू नका, शक्य असेल तर मोठ्या माणसासोबत कठड्याच्या पलीकडं पाठवा. घाईघाईत रस्ता ओलांडताना मदत करणाराच उडतो असं होतं, त्यामुळं दहा सेकंद थांबून मागून काय येतंय ते बघा. एक जण मागं लांबवर उभा करून मोबाइलचा टॉर्च हलवायला सांगा. पडलेल्या गाडीची किल्ली बंद करा, आणि पेट्रोल सांडलं असेल तर आसपास कोणी सिगारेट पेटवत नाही ना ते बघा.

मग फोन. ११२ किंवा १०८, आणि नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ पण चालतो. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि त्या अँब्युलन्समध्ये डॉक्टर असतो, ही फार मोठी गोष्ट आहे, त्यामुळं फोनवर नीट सांगा. नीट म्हणजे कसं, तर आधी जागा, कारण फोन मध्येच कट झाला तरी जागा तरी कळलेली पाहिजे. कुठून कुठं जाणाऱ्या बाजूला, जवळचं गाव, पेट्रोल पंप, ढाबा, किलोमीटरचा दगड दिसत असेल तर त्याच्यावरचा आकडा. मग किती माणसं, शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का, रक्त किती जातंय. समोरचा फोन ठेवेपर्यंत तुम्ही ठेवू नका.

आणि गर्दीला कधी "कोणीतरी फोन करा" असं म्हणायचं नाही, कोणीच करत नाही. बोट दाखवून सांगा, "दादा, निळा शर्ट, तुम्ही १०८ ला लावा आणि काय म्हणाले ते मला येऊन सांगा." माणसं वाईट नसतात हो, ती गोंधळलेली असतात, काम दिलं की लगेच हलतात.

मागच्या पावसाळ्यात दिवे घाट उतरल्यावर वडकीच्या अलीकडं एका स्कूटीवरच्या ताई पडल्या होत्या, मी थांबलो तेव्हा तीन पोरं व्हिडिओ काढत होती. मला राग आला पण ओरडलो नाही, एकाला म्हटलं तोच फोन जरा इकडं धर, लाइट पाहिजे, दुसऱ्याला मागं गाड्या वळवायला पाठवलं, तिसरा आपणहून भाजीच्या टेंपोतून छत्री घेऊन आला आणि अँब्युलन्स येईपर्यंत वीस मिनिटं तो त्या ताईंच्या तोंडावर छत्री धरून भिजत उभा होता. व्हिडिओ काढणारा तोच पोरगा. मला तो अजून आठवतो.

जखमी माणसाजवळ गेलात की खाली बसा, उभ्यानं बोलू नका, आणि आवाज हळू ठेवा. "मी इथंच आहे, अँब्युलन्स येतेय, हलू नका." हे पुन्हा पुन्हा सांगा. बेशुद्ध वाटला तरी सांगा, त्याला ऐकू येत असू शकतं, त्यामुळं त्याच्यासमोर "गेला वाटतं" असलं काही बोलायचं नाही आणि दुसऱ्याला बोलू द्यायचं नाही.

आता जे करायचं नाही ते. आपल्याकडं पहिली गोष्ट काय करतात तर पाणी पाजतात. पाणी अजिबात नाही. अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि पुढं ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं. ओठ कोरडे पडले म्हणत असेल तर ओल्या रुमालानं पुसा. दुसरं, उचलून बसवायचं नाही, दोघांनी हातपाय धरून रिक्षात कोंबायचं तर मुळीच नाही, मानेला किंवा मणक्याला मार असेल तर त्या उचलण्यानं माणूस कायमचा लुळा पडू शकतो. गाडीला आग लागली किंवा अजून एक गाडी येऊन धडकेल असा धोका असेल तरच हलवा. तिसरं, हेल्मेट ओढून काढू नका, काच वर करा, श्वास चालू आहे ना बघा, बास. श्वासच अडकत असेल तर मात्र काढावं लागतं, तेव्हा एकानं मान आणि डोकं घट्ट धरायचं आणि दुसऱ्यानं अगदी हळू काढायचं. आणि अंगात काही घुसलेलं असेल, काच, सळई, ते उपसायचं नाही.

रक्त जोरात जात असेल तर ओढणी, रुमाल, टॉवेल, जे स्वच्छ असेल ते जखमेवर ठेवून तळहातानं दाबून धरा आणि धरूनच ठेवा, दर मिनिटाला उचलून बघू नका. कपडा भिजला तर त्याच्यावरच दुसरा. हळद, चहा पावडर, काही लावायचं नाही. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलीत तर तुमच्यासाठीही चांगलं.

बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे आणि उलटी होतेय किंवा तोंडात रक्त साचतंय, तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून दोघातिघांनी मिळून एका कुशीवर वळवा. श्वासच नाही, किंवा मधूनच आचका दिल्यासारखा येतोय, तर छातीच्या मधोमध दोन्ही हात एकावर एक ठेवून जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटीमीटर तरी खाली गेली पाहिजे. दमायला होतं, दोन मिनिटांनी दुसऱ्याला द्या. हे वाचून येत नाही, एकदा तरी क्लासला जाऊन पुतळ्यावर करून बघा, माझी कळकळीची विनंती आहे.

सामानाकडं लक्ष ठेवा. पाकीट, मंगळसूत्र, फोन, हे सगळं एका पिशवीत, दोन माणसांसमोर, आणि अँब्युलन्सवाल्याच्या किंवा पोलिसाच्या हातात. फोन वाजला तर उचला. घरचे असतील तर "अपघात झालाय, शुद्धीवर आहेत, अमुक हॉस्पिटलला नेतोय" एवढंच, जे खरं आहे तेवढंच, आणि गाडी चालवणारा माणूस शांत असू दे म्हणून सांगा. त्या ताईंच्या फोनवर "आई" असं आलं होतं, मला उचलायला हात थरथरत होता, पण उचलला.

हॉस्पिटलात कधी कधी काउंटरवर विचारतात पैसे कोण भरणार. आम्हालाही एका ठिकाणी विचारलं. घाबरू नका, शांतपणे सांगा की मी नातेवाईक नाही, मदतीला आलोय. मदत करणाऱ्याकडून पैसे मागता येत नाहीत आणि त्याला थांबवूनही ठेवता येत नाही. आधी उपचार, मग पोलिसांचे कागद, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगितलंय, सरकारी असो की खाजगी. शिवाय मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या हॉस्पिटलात पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचा उपचार. हे वाक्य घरच्यांच्या कानावर नक्की घाला, तेव्हा त्यांना दागिने कुठं गहाण टाकायचे हाच विचार चालू असतो. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवणाऱ्याला सरकार बक्षीसही देतं, आधी पाच हजार होतं, आता पंचवीस हजार. घ्यायचं की नाही तुमचं तुम्ही बघा, घेतलं तर त्यात कमीपणा काही नाही.

गाडीच्या डिकीत मी आता एक पिशवी ठेवतो. दोन जुने पण धुतलेले सुती टॉवेल, ग्लोव्हजची जोडी, टॉर्च, एक चादर कारण रक्त गेलं की माणूस भर उन्हाळ्यात थंडीनं कुडकुडतो, आणि लाल त्रिकोण. सगळं मिळून पाचशे-सातशेच्या आत.

घरी आल्यावर हात साबणानं धुवा, कपडे आधी गार पाण्यात टाका, गरम पाण्यानं रक्ताचे डाग बसतात. हातावर कुठं कापलेलं असेल आणि तिथं रक्त लागलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि दोन-तीन रात्री झोप लागणार नाही, ते डोळ्यासमोर येत राहतं, तर कोणाशी तरी बोला. वडकीहून मी त्या रात्री घरी आलो तेव्हा मुलगी जागी होती, आता मोठी झालीये. शर्टाकडं बघून घाबरली. मी तिला सगळं सांगितलं, वडकीचं, आणि मग खंबाटकीचंही सांगितलं, की तू झोपली होतीस तेव्हा. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग उठून बादलीत गार पाणी काढलं.