शेअरिंगमध्ये खोली घेताय? आधी मीटरची पेटी उघडा

गोव्यात वेर्ण्याला नोकरी लागली की मडगाव, नाहीतर कुठ्ठाळीच्या बाजूला शेअरिंगमध्ये खोली शोधणं आलंच. भाडं, डिपॉझिट, वायफाय सगळं विचारून होतं. पण चौघांच्या घरात सामाईक वस्तूंना वाली नसतो, आणि धोका नेमका तिथे असतो.

पहिल्यांदा वीज. मीटरच्या पेटीत 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण शोधा. तो आरसीसीबी. घरासाठी तो 30 मिलिअँपिअरचा हवा. अंगातून करंट जमिनीत जाऊ लागला की तो वीज तोडतो. शेजारचे साधे एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतात, शॉकपासून ते वाचवत नाहीत. घरमालकाला सांगून बटण दाबा. स्विच खटकन पडला तर ठीक. पडला नाही, किंवा मुळात नाहीच, तर आधी बसवून घ्या, मग डिपॉझिट द्या.

जमलं तर घर भर पावसात बघा. चिऱ्याच्या जुन्या भिंती ओल धरतात, आणि मार्चमध्ये रंग लावलेली भिंत काहीच बोलत नाही. ओलीच्या डागाजवळ सॉकेट असेल तर तिथे चार्जरसुद्धा लावू नका.

मग न्हाणी. आत गॅस गिझर असेल आणि त्याचा धूर बाहेर नेणारी नळी नसेल, तर इथे घासाघीस नको, मालकाला सांगा: गिझर बाहेर काढा, नाहीतर विजेचा द्या. त्यातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. त्यात काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीला पावसाळ्यात कुणीतरी प्लास्टिक ठोकलेलं असतंच!

स्वयंपाकघरात गॅसच्या नळीवर छापलेलं साल वाचा. सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन 1906 ला फोन करा.

आधीच्या भाडेकरूंकडे चाव्या असू शकतात. मालक 'हां, बघूया' म्हणाला तर कुलूप स्वतःच्या पैशांनी बदला, पण त्याला विचारून.

पोलीस पडताळणीचा फॉर्म तुमचाच नाही, बाकीच्या तिघांचाही भरलाय का ते विचारा. राहायला आल्या दिवशीच पेटीचे, डागांचे, नळीचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा.