जीपीए कमी आहे आणि मेडिकलला जायचंय : अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

भावाच्या किंवा बहिणीच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळून आलेली मराठी कुटुंबं न्यू जर्सीत मला दरवर्षी भेटतात. मुलगी पुण्या-नाशिकहून बारावी सायन्स करून आलेली असते. आल्या आल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे जवळच्या दोन वर्षांच्या स्वस्त कॉलेजात, नाव घातलेलं, संध्याकाळी दुकानात काम, प्राध्यापकांचं इंग्रजी अजून कानाला बसलेलं नाही. पहिल्याच वर्षी केमिस्ट्रीत सी आणि कॅल्क्युलसमध्ये डी पडतो. तिसऱ्या वर्षापर्यंत ती सावरते, पण एकूण जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची ४ पैकी सरासरी (ए म्हणजे ४), २.९ वर अडकलेला असतो आणि घरात विषय निघतो, की डॉक्टरकीचा नाद सोडायचा का? मी एका सरकारी विद्यापीठात अशाच विद्यार्थ्यांना सल्ला देण्याचं काम करते. लगेच सोडू नका, पण लगेच अर्जही करू नका, हे मी बहुतेकांना सांगते. का, ते नीट समजावून सांगते.

आपल्याकडून आलेल्या आईवडिलांच्या डोक्यात भारतातली ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा असते. बारावीला पात्रतेपुरते गुण मिळाले की पुढे सगळं त्या एका पेपरावर ठरतं. इथली मेडिकलची परीक्षा म्हणजे एमकॅट. त्यामुळे ‘एमकॅटला जोर लावू, मग जीपीए कोण बघतंय’ असं घरोघरी ऐकू येतं. इथे तसं होत नाही. कॉलेजातला प्रत्येक ग्रेड अर्जात जातो. नापास झालेला विषय पुन्हा घेऊन ए मिळवला, तरी एमडी (इथे ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) कॉलेजांच्या सामाईक अर्जात, म्हणजे ॲमकासमध्ये, जुना आणि नवा दोन्ही ग्रेड धरले जातात. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, ही इथली डॉक्टरकीची दुसरी पदवी. त्या कॉलेजांच्या अर्जात पूर्वी फक्त नवा ग्रेड धरायचे. ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. जुनी माहिती अजून तोंडोतोंडी फिरते, म्हणून मुद्दाम सांगते. ॲमकासमध्ये बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा वेगळा जीपीएही निघतो, आणि तो तितक्याच बारकाईने पाहिला जातो.

भारतातल्या कॉलेजात एखाद-दोन वर्षं काढून आला असाल, तर ते गुण ॲमकासच्या जीपीएत मिसळत नाहीत. वाईट असले तर सुटलात, चांगले असले तरी उपयोग नाही. शिवाय बरीच मेडिकल कॉलेजं मुख्य विज्ञान विषय अमेरिकेत किंवा कॅनडात झालेले असावेत असं म्हणतात, तेव्हा ते इथे पुन्हा करण्याची तयारी ठेवा.

आता आकडे. एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास असतो आणि एमकॅट ५१२ च्या आसपास. डीओला हेच आकडे साधारण ३.६ आणि ५०४ असे आहेत. २.९ घेऊन इथवर पोचणं गणिताने अवघड आहे, हे आधी घरात सगळ्यांनी मान्य करावं. समजा १२० क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं एकक) झाले आहेत आणि जीपीए २.९ आहे. पुढच्या वर्षी ३० क्रेडिट घेतले आणि सगळ्यात ए मिळाला, तरी एकूण ३.१२ होतो. एवढी मेहनत करून इतकंच, असं मुलं म्हणतात आणि खचतात. पण प्रवेश समितीतली माणसं फक्त तो ३.१२ पाहत नाहीत. वर्षवार तक्ता त्यांच्या समोर असतो. पहिल्या वर्षी २.३, मग २.८, मग ३.४ आणि शेवटचे ३० क्रेडिट, तेही बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी अशा जड विषयांचे, पूर्ण ४.० : हा चढ ज्याच्या अर्जात दिसतो त्याच्याबद्दल समितीत बोलणं होतं. सलग ३.१२ असलेल्याबद्दल फारसं होत नाही. तरीही ३.० ची रेघ ओलांडणं महत्त्वाचं, कारण अनेक ठिकाणी त्याखालचे अर्ज कुणी वाचण्याआधीच बाजूला पडतात.

हे ३० क्रेडिट कुठे घ्यायचे, यावर पैसे आणि वर्षं दोन्ही अवलंबून असतात. पदवीनंतर जवळच्या चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात एकेक विषय घेता येतो. त्याला पोस्ट-बॅक म्हणतात. हे ग्रेड पदवीच्याच जीपीएत मिळवले जातात, आणि नोकरी सांभाळून करता येतं. दुसरा रस्ता स्पेशल मास्टर्सचा. अशा काही अभ्यासक्रमांत तुम्ही मेडिकलच्या पहिल्या वर्षाचेच विषय, कधी त्याच विद्यार्थ्यांबरोबर बसून, शिकता. पण मास्टर्सचा जीपीए वेगळा मांडला जातो, पदवीचा आकडा त्याने हलत नाही. फी दांडगी असते. आणि तिथे बी-सी पडले तर पुढे दाखवायला काही उरत नाही. माझं मत स्पष्ट आहे : ३.० च्या खाली असाल तर आधी पोस्ट-बॅक. मास्टर्स त्यांच्यासाठी, ज्यांचा आकडा ३.२-३.३ च्या पुढे आहे आणि ज्यांना मेडिकलचा वेग झेपतो हे सिद्ध करायचंय. तुम्ही टेक्सासमध्ये राहत असाल आणि जुने खराब ग्रेड दहा वर्षांपूर्वीचे असतील, तर तिथल्या ‘ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्ट’ कायद्याची चौकशी जरूर करा. मात्र तेव्हाचे चांगले ग्रेडही त्याबरोबर जातात.

आणि कारण शोधा. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. मूल आठवड्याला तीस तास दुकानात उभं असेल, तर शिकवणी लावून काही होणार नाही, तास कमी करावे लागतील. आजारपण असेल, मन उदास असेल, तर कॉलेजातल्या समुपदेशकाकडे जाणं फुकट आहे आणि ते मेडिकल कॉलेजांना कळत नाही. कारण तसंच ठेवून पोस्ट-बॅक सुरू केलं, तर तोच डी पुन्हा पडतो, यावेळी हजारो डॉलर भरून.

एमकॅट ४७२ ते ५२८ या मापात असते, चार भागांची, जवळजवळ दिवसभराची. आयुष्यात सात वेळाच देता येते आणि आधीचे गुण दिसत राहतात, म्हणून ‘सहज देऊन बघू’ असं करू नका. आपल्या मुलांचे विज्ञानाचे तिन्ही भाग सरावाने निघतात. अडतात ती उताऱ्यांच्या भागात, ज्याला सगळे कार्स म्हणतात. ९० मिनिटं, ५३ प्रश्न, उतारे तत्त्वज्ञान, कला, समाजशास्त्र यांवरचे. इंग्रजी दुसरी भाषा असणाऱ्याला हे तीन महिन्यांच्या क्लासने येत नाही. पहिल्या वर्षापासून रोज एक लांब इंग्रजी लेख वाचायचा आणि लेखकाला नेमकं काय म्हणायचंय ते दोन ओळींत लिहायचं, एवढं चालू ठेवलं तर फरक पडतो.

डीओबद्दल आपल्या मंडळींत अजून नाक मुरडलं जातं. डीओ हे पूर्ण परवाना असलेले डॉक्टर आहेत, शस्त्रक्रिया करतात, आणि २०२० पासून एमडी-डीओंच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाला, एकच मान्यता व्यवस्था आहे. न्यू जर्सीत स्ट्रॅटफर्डला रोवन विद्यापीठाचं डीओ कॉलेज आहे. आपल्या राज्यातली कॉलेजं यादीत आधी घाला. मोजक्याच स्पेशालिटींत डीओंना स्पर्धा जास्त जड जाते, पण कमी जीपीएतून वर आलेल्या मुलासाठी हा सगळ्यात खरा दरवाजा आहे.

कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल कॉलेजांबाबत मी सावध करते. प्रवेश पटकन मिळतो, ओळखीतलं कुणी ना कुणी तिथून डॉक्टर झालेलं असतं. पण ज्यांचं मधेच सुटलं त्यांच्याबद्दल घरचे बोलत नाहीत. इथल्या एमडी आणि डीओ विद्यार्थ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना रेसिडेन्सी मिळते. परदेशात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांत हे प्रमाण दोनतृतीयांशाच्या आसपास आहे, आणि त्या टप्प्यापर्यंत पोचण्याआधी गळालेले त्यात धरलेलेच नाहीत. ज्याला इथे अभ्यास झेपत नव्हता त्याला तिथे, घरापासून लांब, कर्ज डोक्यावर घेऊन तो झेपेल, याची शक्यता कमी असते. इथे दोन वर्षं नीट प्रयत्न करून पाहिल्याशिवाय तिकडे वळू नका.

‘वर्ष वाया गेलं’ हे वाक्य घरात बंद करा. मेडिकलला लागणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण पदवीनंतर किमान एक वर्ष थांबलेले असतात. त्या वर्षात डॉक्टरांच्या शेजारी बसून नोंदी लिहिणारा स्क्राइब, रुग्णवाहिकेवरचा ईएमटी, नर्सिंग होममधला सीएनए, म्हणजे नर्सचा मदतनीस, अशी कामं मिळतात. पगार थोडा, पण रुग्णाला हात लावलेला असतो, आणि अर्जात ते कळतं. स्थलांतराची ओढाताण लिहायला ॲमकासमध्ये १,३२५ अक्षरांचा वेगळा रकाना आहे. ती तिथे साध्या शब्दांत लिहावी. मुख्य निबंध ग्रेडच्या खुलाशात घालवू नये.

एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) असलेल्या घरांसाठी हे सगळं आणखी कठीण आहे. बरीच एमडी कॉलेजं नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात, संघीय कर्ज मिळत नाही, आणि मूल २१ वर्षांचं झालं की व्हिसाच बदलावा लागतो. वकिलाशी आधी बोला, पोस्ट-बॅकची फी नंतर भरा. ग्रीन कार्ड असलेल्यांनीही पैशांचं गणित नव्याने करावं : १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं संघीय कर्ज मिळणार नाही, आणि मेडिकलसाठी संघीय कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर अशी आहे. उत्पन्न कमी असेल तर एमकॅट आणि ॲमकासच्या फीत सवलत मागता येते. ती अर्ज भरण्याआधी मागावी लागते.

अर्ज मे महिन्यात उघडतो. तयारी पूर्ण असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठवा, कारण ग्रेड तपासायलाच कित्येक आठवडे जातात आणि मुलाखतींच्या जागा भरत राहतात. तयारी अर्धी असेल तर त्या वर्षी पाठवू नका. पुढच्या वेळी तेच कॉलेज जुना अर्ज उघडून काय बदललं ते पाहतं. आणि अमेरिकेत जिथे जिथे नाव घातलं होतं, त्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रिका, मार्चपर्यंत मागवून स्वतः वाचून काढा, एकच विषय घेऊन सोडलेल्या कम्युनिटी कॉलेजचीसुद्धा. ती लपवली तर चौकशी होते, आणि ती डी ग्रेडपेक्षा फार महागात पडते.