व्याजदर उतरला, तुमचा उतरला का?

फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) ६.५० टक्क्यांवरून ५.५० टक्क्यांवर आणला. पुण्यात फ्लॅट घेऊन हप्ते फेडणाऱ्यांनी बातमी वाचली, बरं वाटलं आणि विषय तिथेच राहिला. आधी कर्जाचं स्टेटमेंट काढा आणि दर कशाशी जोडलाय ते बघा. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेलं फ्लोटिंग (व्याजदर बदलत राहणारं) गृहकर्ज रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेलं असतं आणि तीन महिन्यांतून किमान एकदा बँकेला त्याचा दर त्यानुसार बदलावा लागतो. त्याआधीचं कर्ज एमसीएलआर किंवा बेस रेटवर (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरांवर) असेल, तर त्याचा दर सावकाश उतरतो. बँकेत लेखी अर्ज देऊन, थोडं शुल्क भरून ते कर्ज रेपोवर आणता येतं.

दर उतरला तरी हप्ता कमी करून घेऊ नका, असं माझं मत. ५० लाख, २० वर्षं, ९ टक्के: हप्ता सुमारे ४४,९८६ रुपये. ८ टक्के झाल्यावर तो ४१,८२२ होतो. पण जुनाच हप्ता चालू ठेवला तर कर्ज साधारण तीन वर्षं आधी फिटतं!

बँक ऐकत नसेल तर कर्ज दुसरीकडे हलवा. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. मात्र नव्या बँकेची प्रोसेसिंग फी आणि गहाणखताचं मुद्रांक शुल्क आधी मांडून बघा. शेवटची चार-पाच वर्षंच उरली असतील, तर ही धावपळ सहसा परवडत नाही.